आपल्याच गावी शिक्षक : मेक्सिकोतील आदिवासी अध्यापकांच्या घडणीचा इतिहास

१९१० मध्ये सुरू झालेल्या मेक्सिकन क्रांतीने जुनी राजवट उलथवून टाकली, तरी क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या सरकारांच्या हाती जो देश आला तो एकजिनसी नव्हता. १९२१ च्या जनगणनेत सुमारे एक कोटी ४३ लाख लोकसंख्येची नोंद झाली आणि त्यांपैकी सुमारे २९ टक्के लोक आदिवासी म्हणून नोंदले गेले. नाहुआ, माया, मिश्तेक, सापोतेक, ओतोमी, पुरेपेचा, रारामुरी अशा अनेक समाजांत विभागलेल्या या लोकांपैकी पुष्कळांना राज्यकारभाराची स्पॅनिश भाषा येत नव्हती, आणि डोंगरकपारींतील त्यांच्या वस्त्यांपर्यंत शाळा पोहोचलेलीच नव्हती. १९१७ च्या राज्यघटनेने प्राथमिक शिक्षण मोफत आणि धर्मनिरपेक्ष असेल असे जाहीर केले होते. मात्र घटनेतील हे वचन पाळायचे तर त्या वस्त्यांत जाऊन राहणारा, तिथल्या मुलांशी बोलू शकणारा शिक्षक हवा होता. असा शिक्षक बाहेरून पाठवायचा की त्याच समाजातून घडवायचा, त्याला कुठे शिकवायचे, कोणत्या भाषेत शिकवायचे आणि त्याने कोणाला उत्तर द्यायचे, या प्रश्नांभोवती मेक्सिकोतील पुढील सात दशकांचा शैक्षणिक इतिहास फिरत राहिला. आदिवासी तरुण उत्तम शिक्षक होऊ शकतो हे त्या इतिहासात फार लवकर सिद्ध झाले. शाळेचा हेतू ठरवण्याचा अधिकार मात्र त्याच्या समाजाला फार उशिरा मिळू लागला, आणि या काळातील बहुतेक प्रयोगांचे यशापयश या एका विसंगतीतून समजून घेता येते.

एक देश, एक भाषा

१९२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालय स्थापन झाले आणि तत्त्वज्ञ व लेखक होसे वास्कोन्सेलोस त्याचे पहिले मंत्री झाले. आदिवासींसाठी वेगळ्या, राखीव शाळा काढण्याची अमेरिकी पद्धत त्यांना मान्य नव्हती. सर्व मुलांनी एकाच शाळेत, एकाच भाषेत शिकून मिश्र वंशाच्या राष्ट्रात विलीन व्हावे, अशी त्यांची भूमिका होती. या धोरणाला पुढे ‘समावेशन’ असे नाव मिळाले. त्याचा व्यवहारातील अर्थ असा होता, की आदिवासींनी आपली भाषा आणि रीत मागे टाकून मेस्तिसो, म्हणजे स्पॅनिश व स्थानिक अशा मिश्र परंपरेच्या, समाजात सामील व्हावे.

खेड्यांसाठी शिक्षक घडवण्याची सुरुवात दोन मार्गांनी झाली. १९२२ मध्ये मिचोआकान राज्यातील ताकाम्बारो येथे पहिले ग्रामीण अध्यापक विद्यालय सुरू झाले, आणि १९२३ मध्ये ‘सांस्कृतिक मिशन’ नावाची फिरती पथके निघाली. शेतीचा जाणकार, आरोग्याचे काम पाहणारा, हस्तव्यवसाय शिकवणारा आणि अध्यापनपद्धतीचा तज्ज्ञ अशा माणसांचे हे पथक एखाद्या गावी काही आठवडे मुक्काम करी आणि आसपासच्या खेड्यांतील शिक्षकांना एकत्र करून त्यांचे प्रशिक्षण घेई. इदाल्गो राज्यातील साक्वाल्तिपान येथे गेलेल्या पहिल्या पथकात राफाएल रामीरेस होते. ग्रामीण शाळेचे शिल्पकार म्हणून रामीरेस यांना मोठा मान मिळाला आणि तो योग्यही होता, कारण शाळेची बाग, कोंबड्या, पाणी आणि स्वच्छता यांना पाठ्यपुस्तकाइतके महत्त्व देणारा शिक्षक त्यांनी उभा केला. तथापि भाषेच्या बाबतीत ते अत्यंत कठोर होते. शिक्षकाने मुलांशी त्यांच्या भाषेत बोलू नये, कारण तसे झाल्यास मुले राष्ट्रात येण्याऐवजी शिक्षकच त्यांच्यात विरघळून जाईल, असा इशारा ते ग्रामीण शिक्षकांना देत. आपल्या मातृभाषेत शिकवण्याची क्षमता असलेल्या आदिवासी शिक्षकाला ती क्षमता झाकून ठेवण्याची शिकवण प्रशिक्षणाच्या पहिल्याच पिढीत मिळाली.

याच वर्षांत मेक्सिकोत काम करणाऱ्या एका मराठी माणसाची नोंद येथे घेणे उचित ठरेल. वर्ध्याचे आणि गदर चळवळीत वावरलेले क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांनी १९२० च्या दशकात चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापन केले, मक्याच्या वाणांवर संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा उभारण्यात पुढाकार घेतला. शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत दिएगो रिव्हेरा यांनी रंगवलेल्या भित्तिचित्रांपैकी भाकरी वाटून खाणाऱ्या माणसांच्या चित्रात मध्यभागी बसलेली व्यक्ती खानखोजे यांच्यावरून रेखाटली आहे असे मानले जाते. शेतकऱ्याला शहरात न आणता शाळाच त्याच्याकडे नेण्याची जी कल्पना खानखोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीशिक्षणात राबवली, तिच्या नेमका उलटा मार्ग आदिवासी शिक्षणाच्या क्षेत्रात त्याच वेळी आजमावला जात होता.

राजधानीतील वसतिगृह

हा उलटा मार्ग म्हणजे ‘कासा देल एस्तुदियान्ते इंदिहेना’, अर्थात आदिवासी विद्यार्थिगृह. राष्ट्राध्यक्ष प्लुतार्को एलियास काय्येस यांच्या कारकिर्दीत १९२६ च्या आरंभी मेक्सिको शहरात ते सुरू झाले. वेगवेगळ्या राज्यांच्या गव्हर्नरांनी आपल्या प्रदेशातील आदिवासी भाषा बोलणारे, सुदृढ आणि होतकरू मुलगे निवडून पाठवावेत असे त्यांना कळवण्यात आले, आणि सुमारे २०० मुलगे राजधानीत दाखल झाले. मुलींना तेथे प्रवेश नव्हता. मुलगे वसतिगृहात राहत, शहरातील शाळांत इतर मुलांबरोबर शिकत आणि हातउद्योगांचे शिक्षण घेत. पुढे विद्यार्थिगृहालाच ग्रामीण अध्यापनाचा अभ्यासक्रम जोडण्यात आला, जेणेकरून हे तरुण आपापल्या गावी परतून शिक्षक होतील.

या संस्थेमागे एक वाद होता. आदिवासी बुद्धीने कमी असतात असे मानणारा मोठा वर्ग तेव्हाच्या मेक्सिकोत होता, आणि वंशभेदाच्या या समजुतीला प्रत्यक्ष पुराव्याने उत्तर द्यावे अशी मंत्रालयाची इच्छा होती. विद्यार्थिगृहाच्या पहिल्या १६ महिन्यांविषयी मंत्रालयाने १९२७ मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याच्या शीर्षकातच या उपक्रमाला आदिवासींवरील सामूहिक मानसशास्त्रीय प्रयोग असे म्हटले होते. प्रयोगाचे उत्तर निःसंदिग्ध आले. समान संधी मिळताच ही मुले शहरी मुलांच्या बरोबरीने शिकली, आणि जन्मजात न्यूनतेच्या सिद्धान्ताला मेक्सिकोच्या अधिकृत विचारात पुन्हा प्रतिष्ठा मिळाली नाही. हे यश लहान मानता येत नाही.

तरीही १९३२ मध्ये, नार्सिसो बासोल्स शिक्षणमंत्री असताना, विद्यार्थिगृह बंद करण्यात आले. शिकून तयार झालेले तरुण गावी परतण्यास राजी नाहीत, शहरातच नोकऱ्या शोधतात, हे त्याचे मुख्य कारण सांगण्यात आले. या कारणाची दुसरी बाजू मंत्रालयाने फारशी तपासली नाही. कोवळ्या वयात घरापासून शेकडो किलोमीटर दूर आणलेल्या, आपली भाषा वर्षानुवर्षे न बोललेल्या आणि गावाकडील जगणे म्हणजे मागासलेपण असे रोज ऐकलेल्या तरुणाने परत जाऊन तेथेच रमावे, ही अपेक्षा संस्थेच्या स्वतःच्या शिकवणुकीशी विसंगत होती. शिवाय सर्वच विद्यार्थी शहरात राहिले हेही खरे नाही. चिवावा राज्यातील रारामुरी समाजाचे, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक तारहुमारा म्हणतात त्या समाजाचे, काही विद्यार्थी परत गेले, शिक्षक झाले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस जमीन व जंगल यांच्या हक्कांसाठी उभ्या राहिलेल्या रारामुरी संघटनेचे नेतृत्व त्यांनी केले. राजधानीने त्यांना जी स्पॅनिश आणि जो कायदा शिकवला, त्याचा उपयोग त्यांनी आपल्या समाजाच्या बाजूने केला.

भाषेचा स्वीकार

विद्यार्थिगृहाच्या जागी आदिवासी प्रदेशांतच निवासी शाळा काढण्याचे ठरले आणि शिक्षण निदान भौगोलिक दृष्ट्या गावाजवळ आले. त्याच सुमारास समावेशनाच्या धोरणाचे एक प्रमुख शिल्पकार मोइसेस साएन्स यांच्या विचारात मोठा बदल होत होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या विचारांचे संस्कार घेऊन आलेले साएन्स काय्येस यांच्या काळात शिक्षण उपमंत्री होते. १९३२ मध्ये त्यांनी मिचोआकानमधील कारापान येथे पुरेपेचा लोकांमध्ये राहून एक प्रायोगिक केंद्र चालवले. सरकारी शाळेविषयी गावकऱ्यांच्या मनात किती अविश्वास आहे आणि न कळणाऱ्या भाषेतील शाळा मुलांच्या आयुष्याला किती कमी स्पर्श करते, हे त्यांना तेथे दिसले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कारापान’ या पुस्तकात त्यांनी या अनुभवाचा प्रांजळ हिशेब मांडला, आणि पुढील लेखनात ते आदिवासींना विरघळवण्याऐवजी त्यांच्यासह राष्ट्र उभारण्याची भाषा बोलू लागले.

लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना १९३६ मध्ये आदिवासी व्यवहारांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला, आणि भाषाशास्त्रज्ञांना शिक्षणाच्या क्षेत्रात प्रथमच मानाचे स्थान मिळाले. त्यातून १९३९ मध्ये ‘तारास्को प्रकल्प’ उभा राहिला. तारास्को हे पुरेपेचा लोकांना आणि त्यांच्या भाषेला बाहेरच्यांनी दिलेले नाव होय. भाषाशास्त्रज्ञ मॉरिस स्वाडेश यांच्या मार्गदर्शनाखाली मिचोआकानमधील पाराचो येथे सुमारे २० पुरेपेचा तरुण निवडण्यात आले. भाषेसाठी एक सोपी वर्णमाला ठरली, वाचनपुस्तिका तयार झाल्या आणि या तरुणांनी गावोगाव वर्ग घेतले. मातृभाषेत वाचायला शिकणाऱ्या प्रौढांना त्यासाठी एक ते दीड महिना पुरे झाला. स्पॅनिशमधून थेट अक्षरओळख देणाऱ्या शाळांत मुलांची वर्षे खर्ची पडत असताना हा निकाल डोळ्यांत भरणारा होता. मातृभाषेत वाचन पक्के झाल्यावर स्पॅनिशकडे जाणे अधिक सुकर होते, हे तत्त्व या प्रकल्पाने मांडले, आणि १९५३ मध्ये युनेस्कोने शिक्षणातील मातृभाषांच्या वापरावर जो अहवाल प्रसिद्ध केला त्यात तारास्को प्रकल्पाला स्थान मिळाले.

या प्रकल्पाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्यातील तरुण शिक्षक केवळ भाषांतरकार नव्हते. आपल्या भाषेचे लेखन कसे असावे या चर्चेत ते सहभागी होते. एप्रिल १९४० मध्ये पात्स्क्वारो येथे भरलेल्या पहिल्या आंतर-अमेरिकी आदिवासी परिषदेने मातृभाषेतून प्रारंभिक शिक्षणाला पाठिंबा दिला. परंतु कार्देनास यांची मुदत संपताच वारे फिरले, प्रकल्पाचा आधार गेला आणि प्रशिक्षित तरुणांचे जाळे विस्कटले. आदिवासी शिक्षकांची प्रत्येक पिढी राष्ट्राध्यक्षाच्या सहा वर्षांच्या मुदतीवर अवलंबून राहिली, ही या इतिहासातील सततची दुर्बलता होय.

चिआपासचे प्रोमोतोर

डिसेंबर १९४८ मध्ये राष्ट्रीय आदिवासी संस्थेची स्थापना झाली आणि पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो तिचे संचालक झाले. संस्थेने आपले पहिले समन्वय केंद्र १९५१ मध्ये दक्षिणेकडील चिआपास राज्यात, सान क्रिस्तोबाल दे लास कासास येथे उघडले. वैद्यक आणि मानवशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत अधिकार असलेले गोन्सालो आगिर्रे बेल्त्रान त्याचे पहिले प्रमुख होते. भोवतालच्या डोंगराळ प्रदेशात त्सोत्सिल आणि त्सेल्ताल या दोन माया भाषा बोलणारे लोक राहत होते. शहरात मात्र लादिनो, म्हणजे आदिवासी नसलेल्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचे वर्चस्व होते. डोंगरातील पुरुष आगाऊ उचल घेऊन किनारपट्टीच्या कॉफीमळ्यांत मजुरीला जात, दारूच्या व्यापाराने अनेक घरे कर्जात बुडालेली होती, आणि सरकारी शाळेतील लादिनो शिक्षकाला गावची भाषा येत नसे.

या परिस्थितीत केंद्राने ‘प्रोमोतोर’ ही भूमिका निर्माण केली. प्रोमोतोर म्हणजे त्याच गावचा, दोन्ही भाषा जाणणारा आणि गावात ज्याचा शब्द चालतो असा माणूस. त्याने मुलांना शिकवावे आणि त्याचबरोबर आरोग्य, शेती, रस्ता आणि सहकारी दुकान या कामांसाठी गावाला तयार करावे, अशी योजना होती. समाजात बदल बाहेरून लादता येत नाही, तो आतल्या माणसाच्या हातूनच घडतो, हा आगिर्रे बेल्त्रान यांचा सिद्धान्त त्यामागे होता. पहिल्या तुकडीतील बहुतेकांचे शिक्षण प्राथमिक शाळेच्या दोनतीन इयत्तांपुरतेच झालेले होते. सान क्रिस्तोबाल येथील केंद्राच्या आवारात त्यांचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण होई. ते आपल्या भाषेत लिहायला शिकत, वाचनपुस्तिका कशी शिकवायची याचा सराव करत, लसीकरण आणि पिण्याच्या पाण्याविषयी माहिती घेत, गावी परतून शाळा चालवत आणि ठरावीक काळाने पुन्हा प्रशिक्षणाला येत. शाळेचा पहिला टप्पा मातृभाषेतून वाचन आणि तोंडी स्पॅनिश असा होता. त्यानंतर मूल स्पॅनिश वाचनाकडे वळे.

राजधानीतील विद्यार्थिगृहाने जे साधले नाही ते येथे साधले, कारण प्रोमोतोर गाव सोडून गेलाच नव्हता. आपल्या शेतात राबणारा, आपल्या सणात भाग घेणारा माणूस शाळा चालवतो हे पाहून पालकांची भीती कमी झाली. केंद्राने ‘पेतुल’ नावाच्या पात्राचा बाहुलीनाट्याचा फिरता मंचही उभा केला. त्सोत्सिल बोलणारे बाहुलीकार बाजारात आणि चावडीपुढे शाळा व लसीकरण यांची कथा सांगत, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यात पुढे विख्यात झालेल्या लेखिका रोसारिओ कास्तेयानोस यांनी या मंचासाठी संहिता लिहिल्या.

तथापि या योजनेत दोन उणिवा आरंभापासून होत्या. पहिली उणीव मुलींच्या शिक्षणाची. पालक मुलींना परपुरुषाच्या हाती शाळेत पाठवण्यास तयार नसत आणि प्रोमोतोर जवळपास सर्व पुरुष होते. स्त्री-शिक्षिका घडवण्यासाठी आधी शिकलेल्या मुली हव्या होत्या आणि मुली शिकण्यासाठी स्त्री-शिक्षिका हव्या होत्या. हा पेच सोडवण्यासाठी लागणारा वेळ आणि पैसा केंद्राने पुरेसा दिला नाही. दुसरी उणीव सत्तेची. पगार, परवाने, कर्ज आणि सरकारी अधिकाऱ्यांशी ओळख हे सर्व एकाच माणसाच्या हाती एकवटल्यामुळे काही प्रोमोतोर हळूहळू दुकानदार, वाहनमालक आणि राजकीय पुढारी बनले. चामुला या त्सोत्सिल नगरात १९३० च्या दशकापासून पुढे आलेल्या द्विभाषिक लेखनिकांचा गट शाळा, व्यापार आणि सत्ताधारी पक्ष या तिन्हींवर पकड बसवून होता, आणि १९७० च्या दशकात विरोधकांना व धर्मांतरितांना गावाबाहेर हाकलण्यात या सत्ताधारी वर्गाचा पुढाकार होता. प्रोमोतोर गावातून आला होता, पण त्याची नेमणूक, बदली आणि बढती ही गावसभेच्या हाती कधीच नव्हती. वरच्या कार्यालयाला उत्तर देणारा माणूस कालांतराने वरच्या कार्यालयाचा होतो, हे चिआपासने दाखवून दिले.

राष्ट्रीय सेवा आणि शिक्षकांचा आवाज

चिआपासचा नमुना १९६४ मध्ये देशभर लागू झाला. शिक्षण मंत्रालयाने सांस्कृतिक प्रोमोतोर आणि द्विभाषिक शिक्षकांची राष्ट्रीय सेवा स्थापन केली आणि हजारो आदिवासी तरुणांना सरकारी नोकरीचे दार उघडले. शेतमजुरीखेरीज दुसरा मार्ग नसलेल्या कुटुंबांसाठी ही फार मोठी घटना होती. परंतु संख्या वाढताना प्रशिक्षण पातळ झाले. प्राथमिक किंवा माध्यमिक शाळा पूर्ण केलेल्या तरुणाला काही महिन्यांच्या वर्गानंतर शाळा सोपवली जाई आणि उरलेले शिक्षण त्याने सुट्टीतील अभ्यासवर्गांत पूर्ण करावे अशी अपेक्षा असे. मातृभाषेत अक्षर लिहिण्याचा सराव पुष्कळांना मिळाला नाही. त्यामुळे द्विभाषिक म्हणवणाऱ्या शाळेत मातृभाषा सूचना देण्यापुरती उरली आणि फळ्यावर स्पॅनिशच राहिली. बदल्यांच्या नियमांत भाषेचा विचार नसल्यामुळे एका भाषेच्या शिक्षकाची नेमणूक दुसरी भाषा बोलणाऱ्या गावात होण्याचे प्रकारही घडत राहिले, आणि त्या क्षणी त्याच्या घडणीचा सारा हेतूच निष्फळ होई.

याच शिक्षकांतून पुढे या धोरणाचे सर्वांत जाणते टीकाकार निर्माण झाले. १९७० च्या सुमारास गिय्येर्मो बोन्फिल बाताय्या आणि त्यांच्या पिढीतील मानवशास्त्रज्ञांनी सरकारी आदिवासी धोरणाची कठोर चिकित्सा केली. पण त्याहून महत्त्वाची घटना म्हणजे १९७७ मध्ये द्विभाषिक आदिवासी व्यावसायिकांची राष्ट्रीय आघाडी स्थापन झाली. तिच्या नेत्यांत पुढे कवी म्हणून नाव मिळवलेले नाहुआ शिक्षक नातालिओ एर्नांदेस होते. द्विभाषिक शिक्षण स्पॅनिशकडे नेणारी शिडी म्हणून न देता दोन्ही भाषा आणि दोन्ही संस्कृती शाळेत समान मानाने शिकवाव्यात, आणि आदिवासी शिक्षणाची धोरणे आदिवासींनीच आखावीत, ही आघाडीची मागणी होती. १९७८ मध्ये मंत्रालयात आदिवासी शिक्षणाचे स्वतंत्र महासंचालनालय झाले, १९७९ मध्ये पात्स्क्वारो येथे आदिवासी शिक्षकांसाठी भाषाशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय अध्यापन विद्यापीठाने आदिवासी शिक्षण हा पदवीचा विषय केला. आपल्या भाषेचे व्याकरण स्वतः लिहिणारी, पाठ्यपुस्तके स्वतः रचणारी पहिली पिढी या वर्गांतून बाहेर पडली. २००३ मध्ये आदिवासी भाषांच्या हक्कांचा राष्ट्रीय कायदा झाला, तेव्हा त्यामागे या शिक्षकांची अडीच दशकांची चिकाटी होती.

चिआपासच्या डोंगरात १ जानेवारी १९९४ रोजी झापातिस्ता या आदिवासी बंडखोरांचा उठाव झाल्यानंतर बंडखोर गावांनी स्वतःच्या स्वायत्त शाळा काढल्या आणि त्यांतील शिक्षकांनाही प्रोमोतोर हेच नाव दिले. मात्र या प्रोमोतोरांची निवड गावसभा करते, त्यांचा निर्वाह गाव पाहते, त्यांच्या शेताची कामे शेजारी करतात आणि त्यांच्या कामाचा हिशेबही गावसभाच मागते. या शाळांत साधनांची टंचाई आहे आणि सरकारी मान्यता नाही. तरीही आगिर्रे बेल्त्रान यांच्या योजनेत नसलेला दुवा, म्हणजे शिक्षकाचे उत्तरदायित्व त्याच्या समाजाकडे असणे, येथे प्रथमच शाळेचा पाया झाला.

या सात दशकांच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आदिवासी तरुणाची क्षमता १९२६ मध्येच सिद्ध झाली, मातृभाषेतील शिक्षणाची परिणामकारकता १९३९ मध्ये सिद्ध झाली आणि गावात राहून काम करणाऱ्या शिक्षकाचे महत्त्व १९५० च्या दशकात सिद्ध झाले. या तिन्ही गोष्टी माहीत असूनही प्रत्येक नव्या राजवटीने त्या अर्ध्यावर सोडल्या, कारण त्या पूर्ण करणे म्हणजे अभ्यासक्रम, नेमणूक आणि शाळेचे ध्येय यांवरील अधिकार आदिवासी समाजाच्या हाती देणे होते. आदिवासी शिक्षकांची भरती करणे हे प्रशासनाचे काम आहे आणि ते कोणतेही सरकार करू शकते. आदिवासी शिक्षक घडवणे मात्र तेव्हाच पूर्ण होते, जेव्हा काय शिकवायचे आणि कशासाठी शिकवायचे हे ठरवताना त्याचा समाज त्याच्या शेजारी बसलेला असतो.